रिकव्हरीत मेमरी कार्ड दिसत नाही? ‘वाइप’ दाबण्याआधी हे करा

टॅब लोगोवर अडकतो. कोणीतरी सांगतं, अपडेटची झिप फाईल मेमरी कार्डात टाक आणि रिकव्हरीतून, म्हणजे टॅब नीट सुरू होत नसतानाही उघडणाऱ्या दुरुस्तीच्या मेन्यूतून, लाव. आपण तसं करतो आणि काळ्या पडद्यावर ओळ उमटते: ‘फेल्ड टू माउंट एसडीकार्ड’, म्हणजे कार्ड जोडून घेता आलं नाही. मग घाबरून मेन्यूत जे दिसेल ते दाबणं सुरू होतं, आणि मेन्यूत सगळ्यात ठळक दिसतं ते ‘वाइप डेटा’. कार्ड तर दिसत नाहीच, वरून टॅबमधले फोटो आणि नोट्सही जातात.

ओळखीतले बरेच जण असे टॅब माझ्याकडे आणून देतात. बिघाड बहुतेक वेळा साधा असतो, पण तो चुकीच्या टोकाने सोडवायला घेतलेला असतो. संशयित तीनच: कार्ड, कार्डातली फाईल आणि टॅब. तपास याच क्रमाने करायचा, कारण कार्ड तपासताना डेटा वाचवता येतो. टॅबला हात घातला की तो जाण्याची भीती असते.

## आधी जमवाजमव

टॅबची बॅटरी निदान ६० टक्के हवी. अपडेट अर्ध्यावर असताना टॅब बंद पडला तर कार्डाचा प्रश्न बाजूला राहतो आणि मोठंच दुखणं मागे लागतं. लॅपटॉपही चार्ज केलेला ठेवा, नाहीतर फाईल कॉपी होत असतानाच नेमकी लाईट जाते.

जवळ ठेवायच्या वस्तू: यूएसबी कार्ड रीडर, डेटा जाणारी केबल (नुसती चार्जिंगची चालत नाही), नावाजलेल्या कंपनीचं ३२ जीबी किंवा त्याहून लहान असं दुसरं कार्ड, आणि पडद्याचे फोटो काढायला मोबाईल. दुसरं कार्ड नसेल तर कोणाकडून तासाभरासाठी मागून आणा. पुढचा अर्धा तपास त्याच्यावरच आहे.

नागपूरकरांसाठी एक वेगळी सूचना. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना भर दुपारी हे काम काढू नका. कार्ड सहसा ८५ अंशांपर्यंत तग धरतं, त्याची काळजी नाही. पण चार्जिंगला लावलेला टॅब तापला की स्वतःच बंद होतो. सकाळी करा. आणि टॅब थंड करायला कुलरसमोर उभा करू नका. कुलर हवेबरोबर पाण्याचे बारीक थेंबही फेकतो, आणि कार्डाचा ट्रे बाहेर काढलेला असतो तेव्हा स्लॉट उघडाच असतो.

## टप्पा १: कार्ड टॅबचंच झालंय का, ते बघा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात आणि सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं.

अँड्रॉइड ६ पासून (२०१५) मेमरी कार्ड दोन प्रकारे वापरता येतं. एक ‘पोर्टेबल’: कार्ड काढून कुठेही लावा, वाचता येतं. दुसरा ‘इंटर्नल’: टॅब कार्डाला स्वतःच्या स्टोरेजचा भाग करून घेतो आणि त्यातला मजकूर कुलूपबंद करतो. त्या कुलपाची किल्ली कार्डात नसते, टॅबच्या आतल्या डेटात असते. म्हणजे रिकव्हरीतून वाइप डेटा केलं की किल्ली पुसली जाते. कार्ड धडधाकट हातात राहतं, पण त्यातलं एक अक्षर परत मिळत नाही.

एका मित्राच्या मुलीच्या सीईटीच्या नोट्स अशाच गेल्या. ज्याने वाइप दाबलं त्याला वाटलं, डेटा तर कार्डात आहे, टॅब पुसला तर काय बिघडतं?

टॅब सुरू होत असेल तर सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये कार्ड कोणत्या प्रकारचं आहे ते कळतं. सुरूच होत नसेल तर कार्ड काढून लॅपटॉपला लावा. विंडोज कदाचित लगेच विचारेल, फॉरमॅट करू का? नाही म्हणा. मग विंडोजमधलंच ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. कार्डावर सुमारे १६ एमबीचा एक चिमुकला भाग आणि त्यापुढे एकच मोठा, विंडोजला न ओळखता येणारा भाग दिसला, तर कार्ड ‘इंटर्नल’ केलेलं आहे असं समजा. सॅमसंगच्या बहुतेक टॅबमध्ये ही सोय दिलेलीच नसते. इतर कंपन्यांच्या टॅबचा मात्र भरवसा धरू नका.

थांबा: कार्ड ‘इंटर्नल’ निघालं तर त्याला फॉरमॅट करू नका आणि टॅबला वाइपही करू नका. ते कार्ड बाजूला ठेवा. पुढचं सगळं दुसऱ्या कार्डाने करा. रिकव्हरीला असं कार्ड सहसा वाचता येत नाही. तो बिघाड नाही, कुलूप आहे.

## टप्पा २: रिकव्हरीत नीट शिरा

टॅब पूर्ण बंद करा, नुसता पडदा काळा होणं पुरेसं नाही. कार्ड बंद टॅबमध्येच घाला. बऱ्याच जुन्या रिकव्हरी सुरू होतानाच काय ते कार्ड शोधतात. मेन्यू उघडल्यावर घातलेलं कार्ड त्यांना दिसत नाही आणि आपण उगाच कार्डाला दोष देतो. कार्ड बदललं की रिकव्हरी पुन्हा सुरू करायची, दर वेळी.

सिम आणि कार्ड एकाच ट्रेमध्ये असेल तर कार्ड खाचेत सपाट बसलंय का, ते ट्रे आत ढकलण्याआधी बघा. जरा तिरकं असलं तरी ट्रे आत जातो, पण पिना टेकत नाहीत.

आता बहुतेक टॅबवर पॉवर आणि व्हॉल्यूम वाढवायचं बटण एकत्र दाबून धरायचं. सॅमसंगच्या नव्या टॅबमध्ये त्याआधी टॅब केबलने लॅपटॉपला जोडलेला असावा लागतो, नाहीतर कितीही दाबा, टॅब सरळ सुरू होतो. काही टॅबवर आडवा पडलेला रोबो आणि ‘नो कमांड’ असं दिसतं. टॅब बिघडलेला नाही. पॉवर दाबून धरा आणि व्हॉल्यूम वाढवायचं बटण एकदाच टिचकी मारल्यासारखं दाबा, मेन्यू येईल.

तपासा: पडद्यावर ‘फास्टबूट’ किंवा ‘डाउनलोडिंग’ लिहिलं असेल तर तुम्ही भलत्याच दारातून शिरला आहात. तिथे कार्डाचा काही संबंध येत नाही. बाहेर पडा आणि परत या.

मेन्यूत ‘अप्लाय अपडेट फ्रॉम एसडी कार्ड’ ही ओळ आहे का ते बघा. नसेल तर टॅबच्या रिकव्हरीत कार्डावरून अपडेट लावायची सोयच नाही. मग कार्ड घासूनपुसून काही होणार नाही, थेट टप्पा ७ वर जा.

## टप्पा ३: ओळ वाचा, तिचा फोटो काढा

‘एरर आला’ एवढंच सांगून काही कळत नाही. ओळीचा शेवट महत्त्वाचा असतो. बिघाड कुठे आहे ते ही ओळच सांगते, आणि लोक नेमकी तीच वाचत नाहीत.

शेवटी ‘नो सच फाईल ऑर डिरेक्टरी’ असेल तर रिकव्हरीला कार्ड सापडलेलंच नाही. पिना टेकल्या नाहीत, कार्ड मेलं, किंवा कार्डावरची विभागणी पुसली गेली. टप्पा ४ वर जा.

‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ असेल तर कार्ड सापडलंय, पण त्यावरची मांडणी, म्हणजे फाईली साठवायची पद्धत, रिकव्हरीला कळत नाही. घरोघरी सापडणारं कारण हेच: कार्ड ६४ जीबीचं, त्यावर एक्सफॅट मांडणी, आणि रिकव्हरीला कळते फक्त फॅट३२. ‘पण हेच कार्ड टॅब सुरू असताना नीट चालत होतं ना भाऊ!’ चालत असेल. सुरू असलेला अँड्रॉइड आणि रिकव्हरी या दोन वेगळ्या, आपापल्या साधनांवर चालणाऱ्या व्यवस्था आहेत. जे एकाला वाचता येतं ते दुसरीला येईलच असं नाही. टप्पा ५ वर जा.

‘आय/ओ एरर’ म्हणजे कार्ड वाचता वाचता दगा देतंय. फॉरमॅट करून बघू, असं मनातही आणू नका. आधी जे निघेल ते लॅपटॉपवर उतरवून घ्या.

‘अननोन व्हॉल्यूम’ असं आलं तर कार्ड निर्दोष आहे. रिकव्हरीकडे असलेल्या यादीत कार्डाची नोंदच नाही. दुसऱ्या मॉडेलची रिकव्हरी कोणीतरी टाकलेली असली की हे हमखास दिसतं. शंभर वेळा फॉरमॅट केलं तरी ही ओळ हटणार नाही.

‘सिग्नेचर व्हेरिफिकेशन फेल्ड’ आलं तर कार्ड दिसलं, फाईलही दिसली, पण ती कंपनीच्या शिक्क्याची नाही किंवा अर्धवट उतरलेली आहे. टप्पा ६ बघा.

आणि एक फसवी ओळ: ‘फेल्ड टू माउंट डेटा’ किंवा ‘कॅश’. माउंट हा शब्द दिसला की लोक कार्ड काढतात, पुसतात, परत घालतात. ही ओळ कार्डाबद्दल नाहीच, टॅबच्या आतल्या स्टोरेजबद्दल आहे.

टॅबवर टीडब्ल्यूआरपीसारखी बाहेरची रिकव्हरी असेल तर तिथे ‘एसडीकार्ड’ हे नाव सहसा आतल्या स्टोरेजचं असतं. खरं कार्ड ‘मायक्रो एसडी’ किंवा ‘एक्सटर्नल एसडी’ या नावाने वेगळं असतं. इन्स्टॉलच्या पानावर ‘सिलेक्ट स्टोरेज’ दाबून ते निवडावं लागतं. आतलं स्टोरेज ० एमबी दिसलं तर ते कुलूपबंद आहे, रिकामं नाही. घाबरून फॉरमॅट करू नका.

## टप्पा ४: कार्ड की स्लॉट? अदलाबदल करून ठरवा

कार्डाचे सोनेरी पट्टे कोरड्या सुती कापडाने पुसा. खोडरबराने घासणारे पुष्कळ आहेत, पण रबराचा भुगा स्लॉटमध्ये गेला की नवं दुखणं सुरू होतं. स्लॉटमध्ये टाचणी, काडी किंवा कापूस घालू नका.

मग दोन चाचण्या. तुमचं कार्ड दुसऱ्या मोबाईलमध्ये किंवा लॅपटॉपवर दिसतं का? आणि मागून आणलेलं चांगलं कार्ड तुमच्या टॅबच्या रिकव्हरीत दिसतं का? पहिलं जमलं आणि दुसरं नाही, तर संशय स्लॉटवर किंवा रिकव्हरीवर. पहिलंच जमत नसेल तर कार्ड गेलं. दोन्ही जमत असेल तर मांडणीचा घोळ आहे, आणि हा तुमच्यासाठी सगळ्यात स्वस्तातला निकाल.

लॅपटॉपवर कार्ड दिसलं की पहिलं काम म्हणजे सगळं कॉपी करणं. विंडोजची ‘एरर चेकिंग’ची तपासणी त्यानंतर. ती दुरुस्त करता करता तुटलेल्या फाईलींचे तुकडे वेगळ्याच नावाने साठवते, आणि मग मूळ फाईल शोधत बसावं लागतं.

मायक्रो एसडी मोठ्या अडॅप्टरमध्ये घालून लॅपटॉपला लावत असाल तर अडॅप्टरच्या कडेची बारीक कळ बघा. ती ‘लॉक’कडे सरकली की कार्डावर काही लिहिता येत नाही. एकदा मी स्वतः अख्खी संध्याकाळ ‘राइट प्रोटेक्टेड’ या दोन शब्दांशी झुंजलो. कळ नखाने वर सरकवली आणि विषय संपला.

कळ बरोबर असूनही फाईल पुसली तर ती परत दिसते, फॉरमॅट ‘यशस्वी’ होऊनही जुने फोटो तसेच राहतात, अशी भुताटकी दिसली तर कार्डाचं आयुष्य संपलंय. झिजलेलं कार्ड शेवटी फक्त वाचण्यापुरतं उरतं. त्यातलं सगळं उतरवून घ्या आणि त्याला निरोप द्या.

तपासा: नागपुरातल्या बर्डी बाजाराच्या फुटपाथवर किंवा ऑनलाइन, अविश्वसनीय स्वस्तात १ टीबी किंवा २ टीबीचं कार्ड घेतलं असेल तर आधी ते खरं आहे का बघा. खोट्या कार्डात जागा थोडीच असते, पण ते मोठा आकडा सांगतं. भरलं की जुन्या फाईलींवर नव्या चढतात किंवा नव्या फाईली नुसत्या नावापुरत्या राहतात. रिकव्हरी अशी फाईल वाचायला जाते आणि मध्येच थांबते. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ३ ही मोफत साधनं अख्खं कार्ड भरून आणि परत वाचून खरी जागा सांगतात. मोठ्या कार्डाला कित्येक तास लागतात, रात्री लावून झोपा.

## टप्पा ५: फॉरमॅट, पण नेमकं कोणतं

रिकव्हरीसाठी ३२ जीबी किंवा लहान कार्ड, फॅट३२ मांडणी. एवढं पाळलं तरी निम्मी भांडणं मिटतात.

सगळ्यात सोपी युक्ती अशी: कार्ड एखाद्या चालू अँड्रॉइड मोबाईलमध्ये घाला आणि सेटिंग्जमधून ‘पोर्टेबल’ म्हणून फॉरमॅट करा. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डावर मोबाईल फॅट३२ मांडतो आणि विभागणीही सरळसाधी करतो. डिस्कपार्टसारख्या काळ्या खिडकीतल्या आज्ञांपेक्षा हे कितीतरी बरं. तिथे डिस्कचा क्रमांक एकाने चुकला तर कार्डाऐवजी लॅपटॉपची हार्ड डिस्क साफ होते.

विंडोजवरच करायचं असेल तर फाईल सिस्टिममध्ये फॅट३२ निवडा, अलोकेशन साइज आहे तशी ठेवा आणि ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढा. वेळ लागतो, पण खराब जागा उघड्या पडतात. एनटीएफएस निवडू नका.

६४ जीबी किंवा मोठ्या कार्डावर विंडोजच्या नेहमीच्या खिडकीत फॅट३२ चा पर्याय दिसतच नाही. एसडी असोसिएशनचं फॉरमॅटर चांगलं आहे, पण ते नियमाप्रमाणे ६४ जीबीला एक्सफॅटच मांडतं, म्हणजे इथे आपल्या कामाचं नाही. मोठ्या कार्डावर फॅट३२ करणारी वेगळी साधनं मिळतात. तरी माझं मत, त्या भानगडीत न पडता लहान कार्ड आणा.

## टप्पा ६: फाईल

लोक कार्डामागे दिवस घालवतात आणि फाईल मात्र पहिल्या सापडलेल्या जागेवरून उतरवतात. टॅबच्या पाठीवरचा किंवा खोक्यावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक जुळवा, शेवटच्या अक्षरासकट. त्याच नावाच्या टॅबचा वायफायवाला आणि सिमवाला प्रकार वेगळा असतो, फाईलही वेगळी.

झिप उघडू नका, आहे तशी ठेवा. ती कार्डाच्या तोंडाशीच ठेवा, कुठल्या फोल्डरमध्ये नको. नाव लहान, इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. विंडोज फाईलचं शेपूट लपवतं, त्यामुळे नाव बदलताना आपण हाताने ‘झिप’ लिहितो आणि फाईलला दोन शेपट्या येतात. एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये ‘फाईल नेम एक्सटेन्शन’ चालू करा म्हणजे दिसेल.

कंपनीने पानावर एसएचए-२५६ चा लांबलचक आकडा (फाईल जशीच्या तशी उतरली का ते पडताळायची खूण) दिला असेल तर तो जुळवा. सेव्हन-झिप असेल तर फाईलवर उजवी क्लिक करून तो काढता येतो. आधी लॅपटॉपवरच्या फाईलचा काढा, मग कार्डावर कॉपी केलेल्या फाईलचा. पहिला जुळला आणि दुसरा नाही, तर चोर कार्ड किंवा रीडर.

फॅट३२ वर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी एक फाईल बसत नाही. कॉपी करताना ‘फाईल टू लार्ज’ आलं तर एक्सफॅटकडे परत वळू नका, टप्पा ७ घ्या. सॅमसंगचं कंपनीचं पूर्ण सॉफ्टवेअर मुळात झिप नसतंच, ते लॅपटॉपवरून ओडिन नावाच्या प्रोग्रामने टाकतात. ते कार्डात घालून काही साधत नाही.

तपासा: कॉपी झाल्यावर ‘इजेक्ट’ करूनच कार्ड काढा. पट्टी शंभर टक्क्यांवर गेली तरी शेवटचा भाग कार्डावर उतरायचा राहिलेला असू शकतो.

## टप्पा ७: कार्डच नको, केबलने पाठवा

स्लॉट खराब असेल, मेन्यूत कार्डाची ओळ नसेल, फाईल मोठी असेल, तर ‘अप्लाय अपडेट फ्रॉम एडीबी’ हा रस्ता आहे. एडीबी म्हणजे लॅपटॉपवरून केबलने अँड्रॉइडला आज्ञा द्यायचं साधन. खरं तर चांगली केबल असेल तर मी हल्ली आधी हाच धरतो.

गुगलची प्लॅटफॉर्म टूल्स (एडीबी त्यातच असतं) लॅपटॉपवर उतरवून उलगडा. झिप त्याच फोल्डरमध्ये ठेवा. टॅबवर ‘अप्लाय अपडेट फ्रॉम एडीबी’ ही ओळ निवडा, मग केबल जोडा. त्या फोल्डरमध्ये कमांड खिडकी उघडून इंग्रजीत ‘एडीबी डिव्हायसेस’ लिहा. यादीत टॅबच्या क्रमांकापुढे ‘साइडलोड’ असा शब्द यायला हवा. यादी रिकामी असेल तर आधी केबल बदला, मग ड्रायव्हर बघा. दिसलं की ‘एडीबी साइडलोड’ लिहून एक जागा सोडा, पुढे फाईलचं नाव.

लॅपटॉपवरचा आकडा कधीकधी ४७ टक्क्यांवर थांबतो आणि पुढे हलत नाही. अनेकांनी इथे केबल उपटली आहे. टॅबचा पडदा बघा. काम तिथे पूर्ण झालेलं असू शकतं.

## टप्पा ८: वाइपची वेळ

आता तरी टॅबला हात लावायला हरकत नाही. मेन्यूत ‘वाइप कॅश’ असेल तर आधी ते करा, त्याने तुमचा डेटा जात नाही. नव्या टॅबमध्ये ही ओळ नसली तरी बिघडत नाही.

‘वाइप डेटा’ करण्याआधी कार्ड टॅबमधून बाहेर काढा. टप्पा १ परत एकदा आठवा. आणि टॅबवर असलेल्या गुगल खात्याचा पासवर्ड हाताशी आहे का ते बघा. रिकव्हरीतून पुसलेला टॅब सुरू होताना तेच जुनं खातं मागतो. जुना टॅब विकत घेतला असेल आणि आधीच्या मालकाचं खातं त्यात राहिलं असेल तर तुम्ही दाराबाहेरच राहाल.

कोणी म्हणेल, बूटलोडर (टॅब सुरू करणारा आणि त्यात काय चालू द्यायचं ते ठरवणारा प्रोग्राम) उघडून दुसरी रिकव्हरी टाक, तिला सगळी कार्डं दिसतात. दिसतीलही. पण बूटलोडर उघडतानाच टॅबचा सगळा डेटा पुसला जातो. विद्यार्थ्यांना टॅब देणाऱ्या महाज्योतीसारख्या सरकारी योजनेतून मिळालेल्या टॅबवर तर हे करूच नका. आधी ज्यांनी टॅब दिला त्यांच्याशी बोला.

## दुकानात नेताना

चांगलं कार्डही दोन-तीनदा रिकव्हरी सुरू करून दिसलं नाही आणि केबलनेही जमलं नाही, तर काम दुकानदाराच्या हाती सोपवा. नागपुरात बर्डी असो की महाल, काउंटरवर टॅब ठेवून ‘चालू करून द्या’ म्हणालात तर पहिली गोष्ट वाइप होईल, कारण त्यांच्यासाठी तोच झटपट मार्ग. पावतीवर लिहून घ्या: ‘डेटा हवा आहे, विचारल्याशिवाय पुसू नये.’ टप्पा ३ मध्ये काढलेला फोटो दाखवा, कोणती कार्डं लावून बघितली ते सांगा. आणि ‘इंटर्नल’ निघालेलं कार्ड दुकानात देऊ नका, घरीच कपाटात ठेवा. त्याचं कुलूप फक्त तुमच्याच टॅबने उघडतं, तेही टॅब पुसलेला नसेल तरच.